जात, पेशा आणि बखर : एका खेळाच्या निमित्तानं



उन्हाळ्यात सालमियात मुलांना घराबाहेर सोडण्यात अर्थ नसतो. पारा पन्नाशीला टेकलेला, वर धूळ. त्यामुळे शुक्रवारी आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा चिरंजीव आणि त्यांच्या टोळीकडे असतो. टोळीत एक मल्याळी मुलगी, एक गोव्याचा, एक इजिप्शियन आणि आमचं रत्न. टेबलावर वीस बाजूंचे फासे, कागद, पेन्सिली आणि सांडलेला लबान. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र ठरवताना दोन गोष्टी निवडायच्या. जन्मानं तुम्ही कोण (माणूस, एल्फ, ड्वार्फ वगैरे) ही 'रेस', आणि काम काय करता (योद्धा, जादूगार, चोर, पुजारी) हा 'क्लास'. मग सूत्रधार गोष्ट सांगत जातो आणि तुम्ही फासे टाकत त्यातून वाट काढायची.

या सुट्टीत चिरंजीवांनी ठरवलं की इंग्रजी गढ्या आणि ड्रॅगन पुरे झाले, आता मराठेशाहीचं जग बनवायचं. बापाची छाती फुगली. ती दोन दिवस फुगलेली राहिली. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना प्रश्न आला.

"बाबा, रेस म्हणजे मराठीत काय?"

"शर्यत."

"ती नाही हो. खेळातली."

"मग वंश म्हण."

त्यानं कागदाकडे बघितलं. उभ्या रांगेत मराठा, ब्राह्मण, प्रभू, धनगर, सिद्दी, पठाण, फिरंगी. "पण हे तर सगळे... म्हणजे जात का?"

माझा घास हातातच राहिला. क्लासला काय म्हणायचं ते मी घाईघाईनं सांगून टाकलं : पेशा. (आमच्या वेळी क्लास म्हणजे शिकवणी.) आडव्या रांगेत त्यानं लिहिलं होतं घोडेस्वार, गोलंदाज, हेर, कारकून, शास्त्री, सावकार. मग म्हणाला, "आता कोणाला काय होता येत नाही ते सांगा. तिथे फुली मारतो."

मीही वरणभात कालवता कालवता सांगून मोकळा झालो, की ब्राह्मण म्हणजे पोथी आणि पूजा, घोड्यावर बसून लढायचं ते मराठ्यांनी, आणि प्रभूंनी लेखणी चालवायची. पोळ्या लाटत असलेल्या सौ.चा आवाज आला, "अहो, मग बाजीराव कोण होता? आणि बाजीप्रभूंनी घोडखिंडीत काय हिशेब लिहिले?"

मंडळी, हा लेख त्या एका वाक्याचं प्रायश्चित्त आहे. पुढचे काही आठवडे मी मुलाच्या खेळाचा इतिहास आणि आपला इतिहास असे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. तज्ज्ञांनी चूक असेल तिथे कान धरावा.

आधी खेळाचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांत बाजारात आणला. पहिल्याच पुस्तिकेत फुल्या होत्या. माणसाला योद्धा, जादूगार, पुजारी यातलं काहीही होता येई आणि हवं तितकं वर चढता येई. ड्वार्फला फक्त योद्धा होता येई, तोही सहाव्या पायरीपर्यंत. हॉबिट चौथ्या पायरीवर थांबे. एल्फ लढाईत चौथ्या आणि जादूत आठव्या पायरीवर अडकत असे. कारणं दोन. एक, त्या जगाची बखर. ('लोर' या शब्दाला मला सापडलेला सगळ्यात जवळचा शब्द बखर. थोडा इतिहास, थोडी दंतकथा, आणि लिहिणाऱ्याची बाजू ठरलेली.) ड्वार्फ हातोडा आणि कुऱ्हाडवाले, त्यांना जादू शोभत नाही, असं बखर सांगते. दुसरं कारण व्यवहारी. एल्फ शेकडो वर्षं जगतो, अंधारात बघतो. त्याला वर चढायलाही मोकळीक दिली तर माणूस कोण होणार? आणि गायगॅक्सला जग माणसांचंच हवं होतं.

गंमत अशी की त्याच पुस्तिकेत एक छोटा परिच्छेद याच्या बरोबर उलट आहे. त्याचा मतितार्थ असा की खेळाडूला अक्षरशः काहीही व्हायचं असेल तरी हरकत नसावी, अट एवढीच की सुरुवात दुबळी असावी आणि वर चढत जावं. ड्रॅगन व्हायचंय? व्हा, पण पिल्लू म्हणून सुरू करा. नियम करणाऱ्यालाच पहिल्या दिवशी कळलं होतं की फुली मारणं सोपं असतं, पण चांगला खेळ 'कसा?' या प्रश्नातून होतो.

पुढे फुल्या वाढल्या. १९७८ च्या मोठ्या पुस्तकात कुठल्या वंशाला कुठला पेशा आणि कितव्या पायरीपर्यंत याचे तक्तेच आले. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, फक्त माणूस. स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा. आणि १९८१ च्या सोप्या आवृत्तीत तर कळसच झाला. त्यात एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग यांना पेशा निवडायचाच नाही. ड्वार्फ हाच पेशा. तुम्ही काय करता? मी ड्वार्फ आहे.

हे वाचताना मी थबकलो, कारण ही पद्धत मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. माझे आजोबा वाळवा तालुक्यातल्या एका गावात बलुतेदार होते. तुम्ही काय करता? मी सुतार आहे. कोण आहात? सुतार आहे. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर. नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं, वर्षभर दुरुस्ती, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य घ्यायचं. बारा बलुतेदारांचं सगळं गाव असंच चाले. चिरंजीवांच्या तक्त्यात सांगायचं तर रांग एक आणि रकानाही एकच. बाकी सगळ्या फुल्या.

खेळातल्या फुल्या पुसल्या गेल्या त्या २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. कोणीही काहीही व्हावं. ड्वार्फ जादूगार, ऑर्क रक्ताचा धर्मयोद्धा, सगळं चालेल. फक्त दोन-तीन पेशांची भेसळ केलीत तर तुमच्या वंशाला न साजणाऱ्या मिश्रणाला थोडा दंड. मग २०२० च्या एका पुस्तकानं जन्माबरोबर मिळणारे ताकदीचे, बुद्धीचे गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली. २०२४ च्या नव्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच गेला, त्या जागी 'स्पीशीज' आला, आणि ते गुण जन्मावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. तुम्ही शेतावर वाढलात की देवळात, यावर ते ठरू लागले.

यावर जुने खेळाडू कुरकुरले, आणि ती कुरकुर अगदीच चुकीची नाही. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना सगळंच जमत असेल तर ड्वार्फ म्हणजे दाढीवाला बुटका माणूस, एवढंच उरतं. जगाला चवच राहत नाही. मोकळीक वाढते पण तिचा उपयोग काय? ज्या भिंतीवर चढायची मजा होती ती भिंतच पाडली.

यातून मधली वाट एका दुसऱ्या खेळानं काढून बघितली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, २००४. आपल्यापैकी काहींनी ऑफिसात चोरून खेळलेला असेल, नावं घेत नाही. त्यात दोन फळ्या. धर्मयोद्धे फक्त एका फळीत, आणि निसर्गशक्तींना साद घालणारे शामान (आपल्याकडचे देवऋषी म्हणा) फक्त दुसऱ्या फळीत. २००७ साली ही फुली काढली, पण नुसती पुसली नाही. दुसऱ्या फळीतल्या ब्लड एल्फांना धर्मयोद्धा होता आलं ते कसं? तर प्रकाशाचा एक जीव कैद करून, त्याची शक्ती ओरबाडून. श्रद्धेनं मिळते ती गोष्ट यांनी चोरली, आणि पुढे त्या चोरीचे हिशेब कथेतच चुकवावे लागले. २०१० साली बैलासारख्या टॉरेन लोकांना तोच पेशा मिळाला तेव्हा त्यांच्या सूर्यपूजेतून वाट काढली. तेव्हाही 'हे आमच्या बखरीत बसत नाही' म्हणणारे होतेच. पण दार उघडताना प्रत्येक वेळी कोणीतरी विचारलं होतं, कसा? २०२२ पासून मात्र जवळजवळ सगळ्या वंशांना जादूगार, पुजारी आणि चोर हे पेशे सरसकट खुले झाले.

आता आपल्याकडे येऊ. सौ.च्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मराठेशाहीत, निदान फौजेत, पेशाचा रकाना बराच सैल होता. भट घराण्यातला बाजीराव १७२० साली विशीत पेशवा झाला आणि उरलेली वीस वर्षं बहुतेक घोड्यावरच राहिला. १७२८ साली पालखेडला त्यानं निजामाला कोंडलं ते मंत्र म्हणून नव्हे. मल्हारराव होळकर धनगराचं पोर, जेजुरीजवळच्या होळ गावचं, खानदेशात मामाकडे वाढलेलं. मामाच्या पथकातून पुढे येऊन माळव्याचा सुभेदार झाला. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर सेनापतीपद नावाला लहान मुलाकडे गेलं, कारभार मात्र उमाबाईंनी हाकला. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता. माझ्या वरणभाती तक्त्यातल्या फुल्या यांनी कधीच पुसल्या होत्या.

पण थांबा. पेशा सैल होता म्हणून जात सैल होती असं नाही. इथेच खरी मेख आहे.

१६७४ घ्या. शिवाजी महाराजांकडे किल्ले होते, आरमार होतं, खजिना होता. राजा जे जे करतो ते सगळं ते वर्षानुवर्षं करतच होते. जमत नव्हतं असं काही नव्हतं. अडलं ते बखरीपाशी. नंदांनंतर खरा क्षत्रिय उरलाच नाही, असं शास्त्री मंडळींचं म्हणणं, मग वेदोक्त राज्याभिषेक कोणाला करणार? काशीहून गागाभट्ट आले. सिसोदिया कुळाशी नातं मांडलं गेलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज लागली आणि ६ जूनला रायगडावर अभिषेक झाला. थोडक्यात, फुली होती, ती पुसायला कथा लागली, विधी लागले, अफाट खर्च लागला. आणि इतकं करूनही दार कायमचं उघडलं नाही. सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ साली, कोल्हापुरात पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी छत्रपती शाहू महाराजांसाठी पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचं उघडकीला आलं, आणि वेदोक्ताचा वाद पुन्हा पेटला. तेच घराणं, तोच प्रश्न. त्या वादानंतर, १९०२ च्या जुलैत, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्यांनी स्वतःपुरती फुली पुसून घेतली नाही, तक्त्यालाच हात घातला.

आणि दुसरी गोष्ट समशेर बहादूरची. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा, जन्म १७३४. ज्या बापानं ब्राह्मण असून तलवार घेतली त्याला कोणी अडवलं नाही, कारण तो पेशाचा प्रश्न होता. पण त्याच बापाच्या या मुलाची मुंज होऊ शकली नाही, कारण हा जातीचा प्रश्न होता. पोर मुसलमान म्हणून वाढलं. सहाव्या वर्षी आईबाप दोन्ही गेले. पुढे पेशव्यांच्या घरातच वाढून तो पेशव्यांच्या फौजेतून लढला, भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर गेला आणि तिथल्या जखमांनी सत्ताविशीच्या आसपास मेला. लढायला तो चालला. पुढे त्याचा मुलगा बांद्याचा नवाब झाला. शनिवारवाड्यावर ज्या घराण्याचं निशाण, त्याच घराण्याचं हे रक्त. पण रांग वेगळी.

ही गोष्ट चिरंजीवांना सांगितली तेव्हा टेबलावर बराच वेळ फासे पडले नाहीत. मग मल्याळी मुलगी म्हणाली, "अंकल, त्यानं काही निवडलंच नव्हतं ना?"

मला वाटतं खेळाच्या पन्नास वर्षांच्या वादाचं उत्तर या वाक्यात आहे. खेळात ड्वार्फ व्हायचं हे खेळाडू स्वतः ठरवतो, आणि अडचणीची मजा घ्यायची म्हणूनच ठरवतो. खऱ्या जगात ते कोणी ठरवत नाही. म्हणून बखर टाकून देऊ नये, पण तिला दोनपैकी एकच काम द्यावं. जग तुमच्याकडे कसं बघेल हे तिनं खुशाल सांगावं. तुम्हाला काय जमेल हे तिनं सांगू नये. जुन्या तक्त्यांची चूक ही की बखरीचा पूर्वग्रह त्यांनी पात्राच्या हाडामांसात भरला : सहाव्या पायरीच्या वर ड्वार्फला जमणारच नाही, बाईला एवढी ताकद असणारच नाही. नव्या मोकळिकीची उणीव ही की जगाचं बघणंच काढून टाकलं तर महाराजांची मुंज आणि समशेरचा जानव्याशिवायचा गळा, या दोन्ही गोष्टी त्या जगात घडूच शकत नाहीत. उरते ती फॅन्सी ड्रेस स्पर्धा.

हे पटायला मला पेशवाईपर्यंत जायची तशी गरज नव्हती. आपण सगळे इथे अशाच एका तक्त्यात राहतो. अठरा नंबर, वीस नंबर, बावीस नंबर. इकाम्यावर पेशा छापलेला. हातात काय आहे ते वेगळं, कागदावर काय आहे ते वेगळं. २०१८ साली इंजिनियर या पदनामासाठी इंजिनियर सोसायटीचा दाखला सक्तीचा झाला, तेव्हा आपल्यातले वीस-वीस वर्षं प्लँट उभारणारे किती जण कागदावर सुपरवायझर झाले ते आठवा. २०२४ च्या उन्हाळ्यात जेमतेम दोन महिने वीसवरून अठरावर जायचं दार उघडलं होतं, त्या खिडकीसाठी कोण किती धावलं तेही आठवा.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, आजवर इथे कोणाला सांगितलेली नाही. आजोबा बलुतेदार सुतार. वडील किर्लोस्करवाडीला पॅटर्नशॉपमध्ये लागले. ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करायचे. लाकूड तेच, पण हातात ड्रॉइंग आलं आणि सुगीच्या धान्याऐवजी पगार. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लाकूड पार सुटलं. १९९८ साली इथलं पाइपिंगचं काम मिळालं. व्हिसाचा कागद आला तेव्हा मुंबईचा एजंट म्हणाला, पदनामाकडे लक्ष देऊ नका, त्यांच्याकडे शिल्लक होता तो व्हिसा दिलाय, काम तुमचंच आहे. पदनाम होतं नज्जार. म्हणजे सुतार.

घरी सांगितलं. वडील हसले, म्हणाले, "मग रंधा घेऊन जा बरोबर." रात्री पाणी प्यायला उठलो तर ते दिव्याखाली तो कागद घेऊन बसले होते. अरबी त्यांना कुठून येणार? बोट ठेवून ठेवून तो शब्द कुठे असेल ते शोधत होते.

पदनाम बदलायला मला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत मी एकही लाकडी वस्तू बनवली नाही. जमत होतं ते पाइपिंगच. जग बघत होतं तो सुतार.

तर चिरंजीवांचा तक्ता आता असा आहे. एकही फुली नाही. कुठल्याही रांगेतून कुठल्याही रकान्यात जाता येतं आणि पायऱ्यांना मर्यादा नाही. पण प्रत्येक चौकोनात त्यानं बारीक अक्षरात एकेक ओळ लिहिली आहे आणि त्या सगळ्याला नाव दिलंय 'लोक काय म्हणतील'. ब्राह्मण घोडेस्वार : पुण्यात पंगतीत कुजबुज, छावणीत मान. धनगर सुभेदार : जुने सरदार आधी बसायला सांगत नाहीत. त्या ओळी सूत्रधारानं वापरायच्या, फासे टाकताना त्यांचा गुण वजा करायचा नाही. गोव्याच्या पोरानं फिरंगी शास्त्री घेतलाय. ते कसं ते त्याला सहा शुक्रवार झाले तरी सांगता येत नाहीये, पण खेळ मजेत चाललाय.

शेवटचा प्रश्न यायचाच होता. "बाबा, आपण कुठल्या रांगेत?"

चौदा वर्षांत मी त्याला हे सांगितलं नव्हतं. इथे काय गरज आहे, असं स्वतःला समजावत आलो होतो. सांगितलं. आजोबांचं खळं, वडिलांचं पॅटर्नशॉप, माझा नज्जार. आणि हेही सांगितलं की गावात आमच्या ओट्यावरही काही लोकांना बसता येत नसे, आणि तो नियम आमच्या घरच्यांनीही पाळला होता. त्याला फक्त आपली फुली दाखवली असती तर ती अर्धी बखर झाली असती.

त्यानं तक्त्याच्या खाली 'सुतार' अशी एक रांग वाढवली. मल्याळी मुलीनं ती लगेच घेतली, हेर म्हणून. गडाचे दरवाजे ज्यांनी बनवले त्यांना ते उघडता येणारच, असं तिचं म्हणणं.

असो. पत्र फार लांबलं. आपापल्या घरी मुलांनी हा प्रश्न विचारला असेल तर तुम्ही काय उत्तर दिलंत, ते जरूर कळवा. इतिहासात चूक आढळली तर तेही कळवा.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक सालमियाकर